पक्ष, साध्य, रचना, सिद्धता : इनर प्रॉडक्ट स्पेसची उदाहरणे कशी सोडवावीत

(सोसायटीच्या विद्यार्थी-पालक मेळाव्यातील व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात साधारणपणे शिक्षणाचे महत्त्व या विषयावर भाषण होते. ते महत्त्व आपणां सर्वांना पटलेले आहे, म्हणून तर आपण येथे जमलो आहोत. त्यामुळे आज मी शिक्षणाविषयी न बोलता एक पाठच घेणार आहे. विषय आहे बी.एस्सी.च्या वर्गात रैखिक बीजगणितात येणारे इनर प्रॉडक्ट स्पेस, म्हणजे अंतर्गुणन अवकाश, हे प्रकरण.

हेच प्रकरण निवडण्यास कारण आहे. दहावीपर्यंत उर्दू किंवा मराठी माध्यमातून शिकलेली आपली मुले-मुली गणितात चांगले गुण मिळवून महाविद्यालयात जातात. पहिले वर्ष कसेबसे पार पडते. पुढे अशा प्रकरणांशी गाठ पडते. तेथे आकडे कमी आणि शब्द जास्त, आणि ते शब्दही इंग्रजी. मग विद्यार्थी सिद्धता पाठ करू लागतो. परीक्षेत प्रश्न थोडा फिरवून विचारला की पाठांतर उपयोगी पडत नाही, आणि "गणित आपल्याला जमणारे नाही" असा निष्कर्ष काढून तो विषयच सोडून देतो. घरची मंडळीही "नसेल जमत तर जाऊ दे" म्हणतात. मुलगी असेल तर हे वाक्य जरा लवकरच उच्चारले जाते. एका प्रकरणाच्या भीतीने एखाद्याची सारी दिशा बदलावी, हे नुकसान लहान नाही. आणि ही भीती बहुतांशी अनाठायी आहे, एवढेच आज मला दाखवावयाचे आहे.

पालकहो, "हे आम्हांला काय कळणार?" असे मनात आणू नका. आपण दुकानात जातो. तांदूळ ५ किलो, साखर २ किलो, डाळ ३ किलो. भाव समजा अनुक्रमे ६०, ४५ आणि १२० रुपये. दुकानदार ३०० अधिक ९० अधिक ३६० अशी बेरीज करून ७५० रुपये सांगतो. त्याने केले काय? वजनांची एक यादी घेतली, भावांची दुसरी यादी घेतली, जोडीजोडीने गुणाकार केले आणि त्यांची बेरीज केली. दोन याद्यांपासून एक संख्या काढण्याच्या या रीतीलाच अंतर्गुणन म्हणतात. अशा यादीला गणितात सदिश म्हणतात. अ आणि ब या दोन सदिशांचे अंतर्गुणन आपण ⟨अ, ब⟩ असे लिहू.

आता यादीचे अंतर्गुणन तिच्या स्वतःशीच करा. (३, ४) या यादीचे होते ९ अधिक १६, म्हणजे २५. त्याचे वर्गमूळ ५. ही तर पायथागोरसच्या सिद्धांतातील कर्णाची लांबी! म्हणजे ⟨अ, अ⟩ हा अ च्या लांबीचा वर्ग होय. आणि (३, ४) व (४, –३) यांचे अंतर्गुणन १२ उणे १२, म्हणजे शून्य येते. आलेखावर या दोन रेषा काढून पाहा, त्या परस्परांना लंब असतात. थोडक्यात, अंतर्गुणनाच्या एका संख्येत लांबीही आहे आणि काटकोनही आहे. शाळेतली सारी भूमितीच त्या छोट्या कंसात बसलेली आहे.

गणितज्ञांनी पुढे इतकेच ठरविले की, ज्या नियमाला तीन गुणधर्म असतील त्या प्रत्येक नियमाला अंतर्गुणन म्हणावे. पहिला, सदिशांची अदलाबदल केली तरी उत्तर तेच यावे. दुसरा, बेरीज व संख्येने गुणणे यांची फोड कंसाच्या बाहेर करता यावी. तिसरा, कोणत्याही सदिशाचे स्वतःशी अंतर्गुणन ऋण नसावे आणि ते शून्य असेल तर तो सदिशच शून्य असावा. संख्या संमिश्र असतील तर पहिल्या नियमात थोडा बदल होतो, आज आपण वास्तव संख्यांपुरतेच बोलू. या तीन वाक्यांपलीकडे या प्रकरणात दुसरे गृहीत काही नाही.

मित्रहो, नववीत भूमितीचे प्रमेय लिहिताना गुरुजी आपणांस चार शीर्षके लिहावयास लावीत: पक्ष, साध्य, रचना आणि सिद्धता. महाविद्यालयात गेल्यावर आपण ती सवय टाकून देतो. माझे सांगणे एवढेच की, ती सवय पुन्हा उचला. काही उदाहरणे घेऊन पाहू.

पहिले उदाहरण. प्रश्न असतो, "दिलेला नियम अंतर्गुणन आहे काय?" समजा (प, फ) आणि (म, न) या जोड्यांसाठी नियम दिला आहे: पम + २पन + २फम + ३फन. पक्षात नियम आहे, साध्यात तीन गुणधर्म तपासावयाचे आहेत. पहिले दोन पाहताक्षणी पटतात. खरी कसोटी तिसऱ्याची. जोडी स्वतःशीच घेतली की मिळते प² + ४पफ + ३फ². सर्व चिन्हे अधिकची दिसतात, म्हणून विद्यार्थी "धन आहे" असे लिहून मोकळा होतो. परंतु प = २ आणि फ = –१ घाला. ४ उणे ८ अधिक ३, उत्तर उणे १! नियम बाद झाला. बाद करावयास एकच उदाहरण पुरले.

आता शेवटचा ३ बदलून ५ करा. प² + ४पफ + ५फ² याची मांडणी (प + २फ)² + फ² अशी होते. दोन वर्गांची बेरीज ऋण असू शकत नाही, आणि ती शून्य व्हावयाची तर फ शून्य, म्हणून प ही शून्य. हा नियम मात्र खरोखरीचे अंतर्गुणन ठरला. येथे दहा-वीस आकडे घालून पाहणे पुरणार नाही, सर्व जोड्यांसाठी एकदम सांगावे लागते, आणि ते काम पूर्ण वर्गाने केले. पूर्ण वर्ग करणे आपण वर्गसमीकरणांत शिकलोच आहोत. नाही म्हणावयास एक उदाहरण, हो म्हणावयास सिद्धता, हा भेद ज्याने ओळखला त्याचे निम्मे काम झाले.

कोणी विचारील, असे वेडेवाकडे नियम हवेत कशाला? याचे उत्तर आपल्याच देशात मिळते. प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३६ साली संख्याशास्त्रात अंतर मोजण्याची एक नवी रीत मांडली. माणसाची उंची आणि वजन ही एकमेकांपासून स्वतंत्र नसतात, उंच माणूस बहुधा वजनदारही असतो. तेव्हा दोन माणसांतील फरक मोजताना हा संबंध हिशेबात घेतला पाहिजे. त्यासाठी वरीलप्रमाणे मिश्र पदे असलेला नियम वापरावा लागतो. महालनोबिस अंतर या नावाने ते आज जगभर वापरले जाते.

दुसरे उदाहरण. "अ आणि ब यांची लांबी समान असेल तर अ + ब आणि अ – ब हे परस्परांना लंब असतात, हे सिद्ध करा." पक्ष: ⟨अ, अ⟩ = ⟨ब, ब⟩. साध्य: ⟨अ + ब, अ – ब⟩ = ०. येथे शब्दांचे चिन्हांत रूपांतर केले की सिद्धता आपोआप होते. कंस सोडवा: ⟨अ, अ⟩ – ⟨अ, ब⟩ + ⟨ब, अ⟩ – ⟨ब, ब⟩. मधली दोन पदे अदलाबदलीच्या नियमाने उडाली, बाहेरची दोन पक्षाने उडाली. उरले शून्य. आता मागे वळून पाहा. अ आणि ब या समान बाजू असलेला चौकोन म्हणजे समभुज चौकोन, आणि अ + ब व अ – ब हे त्याचे कर्ण. समभुज चौकोनाचे कर्ण परस्परांना लंब असतात, हे आपण शाळेत शिकलेलेच प्रमेय एका ओळीत सिद्ध झाले.

तिसरे उदाहरण या प्रकरणातील सर्वांत प्रसिद्ध असमतेचे. कोशी यांनी ती १८२१ साली संख्यांच्या बेरजांसाठी दिली, बुन्याकोव्स्की यांनी १८५९ साली संकलनासाठी, म्हणजे इंटिग्रेशनसाठी दिली, आणि श्वार्त्झ यांनी १८८० च्या दशकात ती पुन्हा स्वतंत्रपणे मांडली. असमता सांगते की ⟨अ, ब⟩ चा वर्ग हा ⟨अ, अ⟩ गुणिले ⟨ब, ब⟩ यापेक्षा कधीही मोठा नसतो.

विद्यार्थी नेमके येथेच अडखळतात, कारण पुस्तकात एकाएकी "अ – तब हा सदिश घ्या" असे लिहिलेले असते. हा त कोठून आला? मित्रहो, ही रचना आहे. भूमितीत आपण म्हणत असू, "शिरोबिंदूतून पायावर लंब टाका." येथेही तेच करावयाचे आहे. अ च्या टोकापासून ब च्या रेषेवर लंब टाका. लंबाचा पाय तब या ठिकाणी पडला असे समजा. मग अ – तब हा ब ला लंब हवा, म्हणजे ⟨अ, ब⟩ – त⟨ब, ब⟩ = ०. यावरून त = ⟨अ, ब⟩ भागिले ⟨ब, ब⟩. ब शून्य असेल तर भागाकार करता येत नाही, पण तेव्हा असमतेच्या दोन्ही बाजू शून्यच असतात. त आकाशातून पडलेला नाही, तो लंबाच्या अटीतून निघाला. आता ⟨अ – तब, अ – तब⟩ ऋण नाही, हा तिसरा नियम लावा आणि कंस सोडवा. ⟨अ, अ⟩ उणे ⟨अ, ब⟩² भागिले ⟨ब, ब⟩ हे शून्याहून कमी नाही, असे मिळते. दोन्ही बाजूंना ⟨ब, ब⟩ ने गुणले की असमता हाती आली. पाठ करावयाचे काहीच उरले नाही, फक्त "लंब टाका" एवढे लक्षात ठेवा.

हिचा उपयोग कसा होतो तेही पाहा. क्ष + २य + २झ = ९ असेल तर क्ष² + य² + झ² ची लहानात लहान किंमत किती? येथे रचना म्हणजे योग्य सदिशांची निवड. एक सदिश (क्ष, य, झ), दुसरा (१, २, २). त्यांचे अंतर्गुणन ९, दुसऱ्याच्या लांबीचा वर्ग १ + ४ + ४ म्हणजे ९. असमतेप्रमाणे ८१ ही संख्या ९ गुणिले हवी असलेली बेरीज यापेक्षा मोठी नाही. म्हणून बेरीज किमान ९. परंतु येथे थांबू नका, ९ ही किंमत खरोखर येते हेही दाखविले पाहिजे. क्ष = १, य = २, झ = २ घ्या, अट पूर्ण होते आणि बेरीज ९ येते. हा शेवटचा भाग लिहावयाचा राहिला तर उत्तर अपुरे राहते.

चौथे उदाहरण पालकांनीही ऐकावे. धान्याचे एक पोते तीन काट्यांवर तोलले. वजने भरली ४९, ५० आणि ५४ किलो. खरे वजन कोणते मानावे? आपण म्हणतो, सरासरी काढा, ५१ किलो. पण सरासरीच का? अंतर्गुणन याचे उत्तर देते. तिन्ही काटे बरोबर असते तर यादी (त, त, त) अशी आली असती, म्हणजे (१, १, १) च्या रेषेवर. आपली यादी (४९, ५०, ५४) त्या रेषेच्या बाहेर आहे. तिच्यापासून रेषेवर लंब टाका. वरचेच सूत्र लावा: त = १५३ भागिले ३ = ५१. चुका आहेत –२, –१ आणि ३. त्यांची बेरीज शून्य, म्हणजे चुकांची यादी (१, १, १) ला लंबच आहे. चुकांच्या वर्गांची बेरीज ४ + १ + ९ = १४. सरासरीऐवजी ५० मानले असते तर ती १ + ० + १६ = १७ झाली असती. हा ३ चा फरक कोठून आला? रेषेवर एका घराने सरकलो, (१, १, १) च्या लांबीचा वर्ग ३. १७ = १४ + ३, पुन्हा पायथागोरसच! लंब हे सर्वांत लहान अंतर असते, हेच सरासरीच्या मागचे तत्त्व आहे. याच विचाराला लघुतम वर्ग पद्धती म्हणतात. लजांद्र यांनी ती १८०५ साली धूमकेतूंच्या कक्षांवरील ग्रंथात प्रसिद्ध केली. आजही निरीक्षणांतून नियम शोधणारा शास्त्रज्ञ वा अभियंता तीच वापरतो.

पाचवे उदाहरण. "शून्य नसलेले आणि परस्परांना लंब असलेले सदिश रेषीय स्वतंत्र असतात, हे सिद्ध करा." पक्ष: अ, ब, क परस्परांना लंब, कोणीही शून्य नाही. साध्य: पअ + फब + मक = ० असेल तर प, फ, म तिन्ही शून्य. रचना: या समीकरणाचे अ शी अंतर्गुणन करा. लंब असल्याने ब आणि क ची पदे गळाली, उरले प⟨अ, अ⟩ = ०. अ शून्य नाही, म्हणून ⟨अ, अ⟩ शून्य नाही, म्हणून प शून्य. तद्वतच ब आणि क शी करा. या युक्तीने प्रकरणातील कित्येक उदाहरणे सुटतात. समीकरणात ज्याचा गुणक हवा असेल त्याच्याशी अंतर्गुणन करावे, बाकीचे आपोआप बाजूला होतात.

सदिश मुळात लंब नसतील तर? मग ते लंब करून घ्यावे. डेन्मार्कचे ग्राम (१८८३) आणि जर्मन गणिती श्मिट (१९०७) यांच्या नावाने ओळखली जाणारी रीत म्हणजे पुन्हापुन्हा लंब टाकणे होय. येथे सदिश म्हणजे बहुपदीही असू शकतात. –१ पासून १ पर्यंत दोन बहुपदींच्या गुणाकाराचे संकलन हे त्यांचे अंतर्गुणन मानू. १ आणि क्ष परस्परांना लंब आहेत, क्ष आणि क्ष² हेही लंब आहेत, पण १ आणि क्ष² यांचे अंतर्गुणन २/३ येते. १ चे स्वतःशी अंतर्गुणन २. म्हणून त = २/३ भागिले २ = १/३, आणि लंब झालेली बहुपदी क्ष² – १/३. पोत्याचे वजन आणि ही बहुपदी यांना एकच सूत्र लागू पडले. गणितात याद्या, बहुपदी, फलने यांना एकाच नावाखाली का आणतात, याचे उत्तर हेच. एकदा केलेले कष्ट दहा ठिकाणी कामी येतात.

एक सावधगिरीची सूचना. लांबी मोजण्याची प्रत्येक रीत अंतर्गुणनातून येत नाही. मोहल्ल्यात घरापासून मशिदीपर्यंत आपण भिंतींतून आरपार जात नाही. गल्लीगल्लीने दोन चौक पूर्वेला आणि तीन चौक उत्तरेला, असे पाच चौक मोजतो. ही लांबी अंतर्गुणनाची आहे काय? समांतरभुज चौकोनाचा नियम सांगतो की दोन कर्णांच्या वर्गांची बेरीज ही चारही बाजूंच्या वर्गांच्या बेरजेइतकी असते. बाजू (१, ०) आणि (०, १) घ्या. गल्लीच्या मापाने दोन्ही कर्ण २, त्यांच्या वर्गांची बेरीज ८. चार बाजूंच्या वर्गांची बेरीज ४. नियम मोडला, म्हणून ही लांबी अंतर्गुणनाची नव्हे. उलट हा नियम जेथे नेहमी पाळला जातो तेथे लांबी अंतर्गुणनातूनच येते, हा व्यत्यास योर्दान आणि फॉन नॉयमन यांनी १९३५ साली सिद्ध केला.

विद्यार्थी मित्रांनो, आता सारांश सांगतो. उदाहरण हाती आले की लगेच सोडवू लागू नका. पक्ष लिहा, आणि त्यातील प्रत्येक शब्दाची व्याख्या चिन्हांत उतरवा. "लंब" म्हणजे अंतर्गुणन शून्य, "लांबी" म्हणजे स्वतःशी अंतर्गुणनाचे वर्गमूळ. संख्या वास्तव आहेत की संमिश्र, तेही पाहा, कारण समभुज चौकोनाचे आपले उदाहरण संमिश्र संख्यांत जसेच्या तसे टिकत नाही. मग साध्य लिहा. मग रचनेचा विचार करा: लंब टाकावयाचा आहे काय? कोणाशी अंतर्गुणन केल्यास नको असलेली पदे गळतील? एखादा सदिश सर्व सदिशांना लंब आहे असे दिले असेल, तर "सर्व" मध्ये तो स्वतःही येतो, त्याचेच स्वतःशी अंतर्गुणन करून तो शून्य आहे हे दाखवा. शेवटी सिद्धता, आणि प्रत्येक ओळीसमोर कंसात कारण. कारण लिहिता आले नाही तर ती ओळ आपणांस समजलेली नाही, असे समजावे. इंग्रजी शब्दाची धास्ती वाटली तर व्याख्या आधी उर्दूत वा मराठीत स्वतःशी बोलून पाहा, नंतर इंग्रजीत लिहा. ज्या शास्त्राचे नावच अल-ख्वारिज्मी यांच्या नवव्या शतकातील ग्रंथाच्या "अल-जब्र" या अरबी शब्दावरून अल्जिब्रा असे पडले, आणि ज्या ग्रंथात वारसाहक्काची वाटणी व व्यापाराचे हिशेब सोडविलेले आहेत, ते शास्त्र कोणत्याही एका भाषेची मिरास नाही.

आणि पालकहो, आपणांकडे एकच मागणे आहे. संगणकावर शोध घेताना, मजकुराशी मजकूर ताडून पाहताना, यंत्राला भाषा शिकविताना आज संख्यांच्या लांबलचक याद्यांची अंतर्गुणनेच केली जातात. या प्रकरणाच्या पलीकडे आपल्या मुलांसाठी कामाची अनेक दारे आहेत. मुलगा किंवा मुलगी वही घेऊन बसली की अम्मीने वा अब्बांनी शेजारी बसावे आणि तीनच प्रश्न विचारावेत: "दिलेले काय आहे? काढावयाचे काय आहे? ही ओळ कशावरून लिहिलीस?" उत्तर आपणांस समजले नाही तरी चालेल, मुलाला ते मोठ्याने सांगावे लागते, त्यातच त्याचा अभ्यास होतो. आणि "जमत नसेल तर जाऊ दे" हे वाक्य उच्चारण्यापूर्वी त्याला वा तिला आणखी एक सत्र द्या.